आई मधोमध उभी राहायची

मी एक जुना स्पीकर आहे. दिसायला धडधाकट असलो, तरी एकटा असलो की मी अर्धाच असतो. मित्रांनो, आमची जात जोडीनं जन्माला येते. एक डावा, एक उजवा. मी डावा.

आम्हा दोघांची खोकी अक्रोडाच्या एकाच फळीतून कापली होती. शेजारी शेजारी ठेवलं की लाकडाच्या रेषा माझ्या अंगावरून निघून त्याच्या अंगावर पुढे चालू लागायच्या. पोटात खर्जासाठी मोठा कागदी पडदा, वर बारीक सुरांसाठी रेशमाची इवलीशी घुमटी. कारखान्यातल्या तपासणीवाल्या बाईंनी एकच सूर आलटूनपालटून आमच्यातून वाजवला आणि डोळे मिटून ऐकला. "आता कोण कुठला, ते मलाही नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या. आमच्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

आम्हाला घरी आणलं ते एका चष्मेवाल्यानं. दिवसभर दुकानात भिंगं घासणारा हा शांत माणूस. त्याची बायको आजारपणात गेली होती. मागे राहिली होती शाळकरी मुलगी, तिच्याहून लहान मुलगा आणि एक टेप. रेडिओवर काम करणाऱ्या एका मित्रानं कधीतरी हौसेनं दोन मायक्रोफोन लावून बायकोची अंगाई घरातच ध्वनिमुद्रित केली होती. टेपच्या सुरुवातीला ती विचारते, "चालू झालं का ते? अगं बाई, मग आधी सांगायचं ना!" मग हसते आणि गाऊ लागते.

चष्मेवाल्याला तो आवाज नुसता ऐकायचा नव्हता. त्याला ती खोलीत हवी होती.

मग आमची सरकवासरकवी सुरू झाली. भिंतीला टेकवलं की खर्ज माठात बोलल्यासारखा घुमायचा. फार पुढे ओढलं की आवाज पोरका वाटायचा. त्यानं फरशीवर जाड सतरंजी अंथरली, खिडकीला दुहेरी पडदे लावले, आमच्या माना खुर्चीकडे किंचित वळवल्या. काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आधी नुसताच तापत बसायचा. गाण्याआधी घसा शेकणाऱ्या म्हाताऱ्या गवयासारखे त्याचे नखरे! मुलांची आत्या दारातून बघायची आणि कपाळाला हात लावायची. "अरे, स्थळ बघायला आलेलेसुद्धा मुलीला इतकं निरखत नाहीत! ठेव की कुठंतरी आणि लाव गाणं!"

पण तो हटला नाही. अशाच एका संध्याकाळी त्यानं मला बोटभर आत ढकललं, खुर्चीत जाऊन बसला आणि टेप लावली. आवाज माझ्यातून निघाला, जोडीदारातून निघाला. आणि आम्हा दोघांना सोडून मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला. जिथं काहीच नव्हतं, तिथं ती गात होती.

चष्मेवाल्यानं स्वतःचा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आई!" म्हणत मुलगा धावत पुढे आला. तो माझ्याजवळ पोचला आणि आवाज मधली जागा सोडून माझ्या खोक्यात शिरला. तो रडायला लागला. ताईनं त्याला हाताला धरून मागे नेलं. "जवळ नाही जायचं रे. इथं बसूनच ती दिसते."

मित्रांनो, आम्ही दोघं समोर तोंड करून उभे. ती मधोमध असायची, पण आम्हाला ती कधीच दिसली नाही. आम्ही तिला बघायचो ते खुर्चीतल्या तिघांच्या चेहऱ्यांवर.

पुढे मुलं मोठी झाली. मुलीनं फुलांचं दुकान टाकलं. मुलगा बंदरावर क्रेन चालवू लागला आणि लांब राहायला गेला. चष्मेवाला थकला, आणि एका हिवाळ्यात गेला. घर आवरायला दोघं भावंडं आली, तेव्हा आम्ही कुणाकडे जायचं यावरून वाद पेटला. खरा वाद निराळाच होता.

"बाबा अंथरुणाला खिळले होते, तेव्हा कुठं होतास तू?" ताई म्हणाली.

"तू एकदा तरी नीट सांगितलंस का? ये म्हणालीस का?"

आत्या मधे पडली. "दोन आहेत ना? मग एकेक घ्या, आणि मिटवा एकदाचं."

कुणी हसलं नाही, आणि तेच ठरलं. अक्रोडाच्या रेषा माझ्या कडेवर येऊन तुटल्या.

मी, ॲम्प्लिफायर आणि टेप ताईकडे आलो. तिनं एकदा ती अंगाई लावली. आवाज खोक्यातून यावा तसा आला. तिनं बटण बंद केलं आणि पुन्हा लावलं नाही. हळूहळू माझ्या डोक्यावर फुलझाडाची कुंडी आली. पाणी झिरपून डाग पडला. धुळीपेक्षा मला सलायची ती माझ्या शेजारची मोकळी जागा. बोलायला तोंड होतं, पण वाक्य पुरं करणारा नव्हता. भावंडांचंही तसंच झालं होतं. फोनसुद्धा बंद.

मग ताईच्या डाव्या कानामागे गाठ निघाली. ऑपरेशन करावंच लागेल आणि तो कान बहुधा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. घरी येऊन ती कितीतरी वेळ माझ्यासमोर बसली. मग तिनं फोन उचलला.

"मी बोलतेय. कान जायच्या आत एकदा आईला मधोमध उभं राहिलेलं ऐकायचंय. येशील?"

 पलीकडून आवाज आला, "निघतोच."

पण यायला त्याला काही दिवस लागले. कारण माझा जोडीदार त्याच्या गाडीच्या शेडमध्ये, ओलीत पडून होता. पडद्याची कड कुजून गळाली होती. ती नवी बसवून घेऊनच तो आला. जोडीदाराला शेजारी ठेवलं, तेव्हा त्याचा रंग उडालेला होता. रेषा मात्र जुळल्या.

दोघं गुडघ्यांवर रांगत आम्हाला सरकवत राहिले. "जरा आत घे." "अगं, बाबा इतकं आत घेत नव्हते!" "तुला काय आठवतंय? तू तेव्हा नाक पुसत होतास!" किती वर्षांनी ती दोघं हसली!

आणि अंगाई उभी राहिली. जोडीदाराचा नवा पडदा अजून रुळला नव्हता, त्याचा सूर थोडा दबका होता.

"ताई, आई जरा डावीकडे सरकलीय."

"असू दे रे," ती डोळे न उघडता म्हणाली. "तिकडे खिडकी आहे."

ऑपरेशन झालं. ताई वाचली, डावा कान गेला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना ऊन, ओल आणि धुळीपासून जपा, हे तर मी सांगेनच. कुंड्या आमच्या डोक्यावर ठेवू नका. पण त्याहून मोठं मागणं हे, की जे जोडीनं घडलंय, त्याची वाटणी करू नका. आणि ऐकायचं ते दोन्ही कान शाबूत आहेत तोवर, एकत्र बसून ऐका.

आता भाऊ सुट्टी मिळाली की येतो. टेप लावतो. एका कानानं ऐकणाऱ्या ताईला आवाज येतो, पण तो कुठून येतो ते कळत नाही. ती त्याच्याकडे वळून विचारते, "कुठं उभी आहे रे?"

तो बोट उचलून दाखवतो. ती तिकडे बघत राहते.