दहाव्याला आलेलं गलबत

दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा गलबत आपण होऊन झापांच्या मांडवातून बाहेर आलं. पावसाळाभर ते तिथेच, खाडीकाठी ओढून ठेवलेलं होतं. ते वाळूवरून सरकत पिंडापाशी येऊन थांबलं. कावळा त्याच्या डोलकाठीवर बसूनच आला होता. तो उतरला, पिंडाला चोच लावली आणि उडून गेला.

तोवर सगळ्यांनी हात जोडून, जन्मभर ते गलबत हाकलेल्या आबा तांडेलांना काय काय कबूल केलं होतं. "दादा, तुझ्या चेडवाक आमी अंतर देवचंव नाय," असंही काका म्हणाले होते. तेव्हा कावळ्याने मान दुसरीकडे वळवली होती. रत्नप्रभेने ते पाहिलं होतं. आबांची ती एकुलती एक मुलगी.

मंडळी घरी निघाली. गलबत त्यांच्या मधोमध, नाळेचं पुढचं टोक खाली घालून, माडांना धक्का न लावता चालत आलं. दारात इंदूआत्या त्याच्या नाळेला मिठी मारून हंबरडा फोडून रडली.

"माज्या बाये, बापूस गेलो गो तुजो!"

गलबताच्या फळ्यांतून पाणी ठिबकलं. बायकांनी ते पदराने टिपलं.

त्याला पडवीत बसता यावं म्हणून पडवी लांबली. रत्नप्रभा चहा द्यायला लागली. गलबताचंही नाव रत्नप्रभाच. गावाला वाटायचं, तांडेलाने लेकीचं नाव गलबताला दिलं. तसं नव्हतं. गलबत आधी पाण्यात उतरलं होतं. नाव त्याचं होतं, उरलं ते हिला दिलं.

मग त्याच्या आठवणी निघाल्या.

"मलबारातसून साग हाडलेलो हिच्यासाटी," काका म्हणाले. "तळाच्या तुळयेक एक सांदो दाखव माका!"

"आणि तो बसऱ्याचो खजूर," आत्या म्हणाली. "आख्ख्या गावान खाल्लो."

रत्नप्रभेने नाही खाल्ला. खजूर आला त्या वर्षी तिची आई तापाने गेली. ते आबांना कळलं तेव्हा ते परक्या बंदरात वाऱ्याची वाट बघत होते. वादळात डोलकाठी मोडली, त्या वर्षी तिचं लग्न ठरत होतं. नवी डोलकाठी उभी राहिली, लग्न राहिलं. पुढे इंजिनाच्या बोटी आल्या आणि किनाऱ्यावरची बाकीची गलबतं जळणाला गेली. हे मात्र आबांनी मोडू दिलं नाही. दरवर्षी त्याला माशाचं तेल चोळायचे, स्वतःच्या हाताने, फळी फळी कुरवाळत. रत्नप्रभेच्या केसांना त्यांनी कधी तेल लावलं नव्हतं. तिने कप गोळा केले. एकही कप आदळला नाही.

"चाय बरी केल्यान हा," शेजारीण म्हणाली. "कोण गो ती?"

आत्याने रत्नप्रभेकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"आमच्यातलीच असतली कोणतरी."

आबांच्या अस्थींचं गाडगं अंगणातल्या फणसाला टांगलेलं होतं. काकांनी ते सोडलं आणि गलबताच्या नाळेवर ठेवलं.

"काका, अस्थी मी सोडणार," रत्नप्रभा म्हणाली. "स्वतःच्या हाताने. मला दुसरं काही नको."

"बायलमाणसान गलबतार पाय ठेवचो नाय. ठावक नाय तुका?"

"मग ही कोण? पुरुष?" तिने गलबताकडे बोट केलं.

काका दुखावले. "ती काय स्वतःच्या अंगार चडता?"

सगळे हसले. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी आत्यासुद्धा हसली. "शिकलली मां ती! पुस्तकां वाचून अशीच होतत."

पडवी लांबतच होती, आणि ती जागा कुठून तरी घेत होती. आधी रत्नप्रभेची खोली गेली. मग स्वयंपाकघर गेलं, चुलीवरच्या पातेल्यासकट. भिंत पाठीला टेकली तशी ती सरकत सरकत देवघरात आली. देवघर आता हातभर रुंद होतं. ती त्यात आडवी वळून उभी राहिली. समोर देव, पाठीला भिंत, खांद्याशी खाडीकडची खिडकी.

देवांच्या शेजारी लाल फडक्यात खुंटी होती.

गलबत पावसाळ्यात वर ओढलं की त्याच्या तळातलं भोक उघडं ठेवतात, म्हणजे आत साचलेलं पाणी निघून जातं. भोकाची लाकडी खुंटी तांडेलाच्या देवघरात राहते. गलबत पुन्हा पाण्यात लोटताना ती घरच्या लेकीने द्यायची. लेकीने दिल्याशिवाय ती कुणी उचलायचीही नाही. चालायला लागल्यापासून रत्नप्रभा ती देत आली होती. आबा ओंजळ पुढे करायचे. तेवढ्यापुरते ते तिच्यासमोर वाकायचे.

आज घरची लेक पडवीत बसली होती. खुंटी मागायला देवघरात कुणी आलं नाही.

"चला, भरती इली!" काका ओरडले.

सगळे पुरुष गलबतावर चढले. बायकांनी त्याला कुंकू लावलं, नारळ दिला. ते उठलं आणि खाडीकडे चालू लागलं. त्याच्या मागे आत्या सासरी निघालेल्या पोरीला सांगावं तसं सांगत होती, "सांबाळून जा गो बाये!"

रत्नप्रभेने खुंटी उचलली. कुणीतरी आत्ताच हातातून ठेवावी तशी ती उबदार होती, आणि तिला माशाच्या तेलाचा वास येत होता. खिडकीतून गलबत पाण्यात उतरताना दिसलं. नाळेवर काका गाडगं पोटाशी धरून बसले होते.

हाक मारायला तिने तोंड उघडलं. काकांनी मागे वळून पाहिलं, पण घराकडे नाही; त्यांनी गलबताची पाठ थोपटली.

तिने तोंड मिटलं.

गलबत खाडीच्या मुखाशी पोचलं तेव्हा तिच्या मिटलेल्या तोंडात खारं पाणी आलं. तिने ते गिळलं. पुन्हा आलं. तिने खुंटी आणखी घट्ट धरली आणि गिळलं. लांब गलबतात माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती.

पुढच्या घोटाला राखेची चव होती.