हजारावा तास

खालापूर तालुक्यात माणूस किती मोठा झाला हे त्याच्या फ्लेक्सवरून कळतं. हरेशचा फ्लेक्स पार हायवेवरून दिसत होता. निळं आभाळ, त्यात काळा चष्मा लावलेला हरेश, शेजारी त्याचं जायरोप्लेन आणि खाली सोनेरी अक्षरं : 'एक हजार उड्डाण तास पूर्ण करीत असल्याबद्दल भूमिपुत्राचा जाहीर सत्कार.' शुभेच्छुकांचे फोटो विमानापेक्षा मोठे होते.

त्या फ्लेक्सखालून मोटरसायकल काढताना हरेश मान खाली घालायचा. लोक म्हणायचे, एवढा मोठा झाला तरी पोरगा नम्र हाय. नम्रपणाचा काही संबंध नव्हता. त्याला भीती वाटत होती.

जायरोप्लेन म्हणजे डोक्यावर हेलिकॉप्टरसारखं पातं, पाठीमागे ढकलणारा पंखा, पुढे पायलट, मागे गिऱ्हाईक आणि दोघांच्या आजूबाजूला निव्वळ हवा. वरच्या पात्याला इंजिन नसतं. ते अंगावर येणाऱ्या वाऱ्यावर फिरत राहतं. लोधिवलीच्या पलीकडे, जिथे नामाशेठची भातखाचरं होती, तिथे साईनाथ नावाच्या जमिनीच्या दलालाने धावपट्टी केली होती आणि मुंबईकरांना आभाळ दाखवायचा धंदा काढला होता. नामाशेठ हा हरेशचा बाप. जमीन होती तोवर तो नुसता नामा होता. जमीन गेली आणि शेठ आला. विकताना त्याने साईनाथला एकच अट घातली होती : पोराला हे यंत्र शिकवायचं आणि कामाला ठेवायचं.

हरेश शिकला, आणि चांगला शिकला. 'वाऱ्याने अचानक नाक वर उचललं तर काय करू नये?' असा एक प्रश्न परीक्षेत होता. हरेशने लिहिलं होतं : सुकाणूचा दांडा झटक्यात पुढे ढकलू नये. तसं केलं की पात्यावरचा भार जातो, पातं मंदावतं आणि मग ते आपल्याला सांभाळत नाही. पैकीच्या पैकी गुण मिळाले.

त्यानंतर तो रोज उडाला. उजाडलं की वर जायचं, मोरबे धरणाचं पाणी दाखवायचं, डावीकडे वळायचं, गिऱ्हाईकाला हात हलवायला सांगायचं, खाली. घाटाकडून वारा सुटला की यंत्र शेडमध्ये. जूनमध्ये पट्टीवर बेडूक ओरडू लागले की थेट दसऱ्यापर्यंत सुट्टी. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. हरेशच्या तासांत पावसाळा एकही नव्हता. पावसाळा जाऊ द्या, दुपारसुद्धा नव्हती. त्याच्याकडे होती ती एकच शांत सकाळ, आणि ती त्याने पाढ्यासारखी घोकली होती.

हे ठाऊक होतं दोघांना. एक तो स्वतः, आणि दुसरी ऋतिका, तिथली दुसरी पायलट. ती शेलूहून स्कूटरवर यायची. आधी तिने समुद्रकाठी, भर वाऱ्यात उडवलं होतं आणि एकदा हातही मोडून घेतला होता. तिचे तास हरेशच्या निम्मेही नव्हते, म्हणून तिचा फ्लेक्स नव्हता.

नामाशेठ मात्र इतक्या वर्षांत एकदाही पोरामागे बसला नव्हता. "नवा बैल आधी रानात फिरवत्यात, मंग गाडीला जुंपत्यात," तो म्हणायचा. "हजार होऊ दे. हजारावा तास मी बसून पुरा करीन." माणूस सावध होता. त्याने आकड्यावर भरवसा ठेवला, एवढंच.

सत्कार सकाळी सातला होता. पण हिरवा झेंडा दाखवायला प्रमुख पाहुणे येणार होते, आणि प्रमुख पाहुणे आल्याशिवाय आपल्याकडे साधा नारळ फुटत नाही, तर विमान कसं उडेल? पाहुणे आले ते लोकांची जेवणं उरकल्यावर. तोवर मांडवाचं कापड फडफडू लागलं होतं आणि बँजोवाले घामाने भिजून तीच धून तिसऱ्यांदा वाजवत होते. वाऱ्याची दिशा दाखवणारा नारिंगी मोजा खांबावर आडवा, ताठ झाला होता. कुणीतरी त्याला झेंडूची माळ बांधली होती. जमलेल्यांना वाटलं, पाहुण्यांच्या स्वागतासाठीच फुगवलाय.

हरेशच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. ऋतिका त्याला हाताला धरून मांडवामागे घेऊन गेली.

"आज बंद कर. मोजा बघितलास ना?"

"बघितला."

"मग? मी माइकवर सांगते, इंजिनात बिघाड आहे. कोण बघायला येणार आहे?"

"समदं गाव जमलंय गं. सकाळपासून उपाशी बसलेत."

"जेवलेत ते. मी पाहिलंय."

हरेश हसला नाही. मांडवातून साईनाथ ओरडला, "हरेश! साहेबांना पुढं कर्जतला कार्यक्रम हाय रं!" आणि त्या हाकेवर हरेश एक वाक्य बोलून गेला. ते त्याचं त्यालाच पटलं नाही.

"हजार तास झालेत माझे, ऋतिका."

तिने हात सोडला. ह्या वाक्याला उत्तर द्यायला तिच्याकडे तेवढे तास नव्हते.

नामाशेठ नवी टोपी काढून हेल्मेट घालायला तयार होईना. शेवटी टोपी खिशात ठेवून बसला. हिरवा झेंडा हलला. टाळ्या झाल्या. यंत्र वर गेलं, आणि हरेशला पहिल्याच वळणावर कळलं की हे आभाळ त्याच्या ओळखीचं नाही. त्याची सकाळ गुळगुळीत असायची. ही दुपार खाचखळग्यांची होती. कानातल्या यंत्रात बाप खिदळत होता.

"हरेश, साईनाथचा बंगला बघ रं! वरनं कोंबड्याच्या खुराड्यावाणी दिसतो!"

"बाबा, घट्ट धरा."

"धरलंय. तू कशाला घाबरतोस? हजार..."

डोंगराकडून आलेल्या झोताने नाक वर फेकलं. हरेशला परीक्षेतलं उत्तर आठवत होतं, शब्दन् शब्द. हाताला मात्र ते कुणी शिकवलं नव्हतं. हाताने दांडा झटक्यात पुढे ढकलला. क्षणभर दोघेही बाकावरून अधांतरी उठले, डोक्यावरच्या पात्याचा आवाज बदलला, आणि बापाचं वाक्य अर्धंच राहिलं.

यंत्र पडलं ते भाताच्या वाळलेल्या धसकटांत, बांधावर. हरेशचा खांदा आणि पाय मोडला. नामाशेठ मागे होता, इंजिनाखाली आला. ज्या खाचरात त्याने जन्मभर चिखल केला, ते खाचर आता साईनाथचं होतं. पडायला मात्र परवानगी लागली नाही.

दुखवट्याला माणसं येत राहिली. हरेश पाय प्लास्टरमध्ये घेऊन ओटीवर बसायचा. येणारा प्रत्येक जण त्याच्या पाठीवरून हात फिरवून एकच सांगायचा.

"तुझी चूक असूच शकत नाय. हजार तासांचा माणूस तू."

"काका, मला वाऱ्यात उडवता येत नव्हतं."

"दुःखात माणूस असंच बोलतो," काका इतरांना समजावायचे आणि चहा घ्यायचे.

चौकशी अधिकारी कर्जतच्या विश्रामगृहात उतरला होता. त्यालाही हरेशने तेच सांगितलं. त्याने 'वैमानिक मानसिक धक्क्यात' असं लिहून घेतलं आणि अनुभव पाहता चूक वाऱ्याची दिसते, असं मत दिलं. वाऱ्याची बाजू मांडायला कुणी आलं नव्हतं. साईनाथ फळं घेऊन आला.

"लवकर बरा हो. दिवाळीपासून पट्टी परत चालू. लोक विचारतायत, तो वाचलेला पायलट कधी येतो म्हणून. तुझ्याच मागं बसायचंय त्यांना."

साईनाथ गेल्यावर धोंडूबाई, हरेशची आई, फळांची पिशवी उंबऱ्यावर तशीच ठेवून त्याच्यापुढे येऊन बसली. तेराव्यापर्यंत ती कुणाशी बोललीच नव्हती.

"लोक म्हणतात तू उगा बोलतोस. मला सांग. तुला येत होतं का नवतं?"

"नवतं, आये."

"तुला ठावं होतं?"

"व्हय."

"आन् त्याला बसवलास."

"लोक जमले होते."

तिने पदर तोंडाला लावला नाही, की कपाळ बडवलं नाही. उठून तिने अंगणातल्या फळीवर वाळत घातलेली चिंच खालीवर केली. मग म्हणाली, "उद्या कर्जतला जाऊ."

अधिकारी भला माणूस होता. त्याने तिला खुर्ची दिली, पंखा लावला. ती उभीच राहिली.

"साहेब, माझ्या पोराला वाऱ्यात येत नाय. लिवा."

"आजी, त्याचे हजार तास आहेत. तपासलेत आम्ही. एकही खोटा नाही."

"खरे असतील. पन त्यानं मला सांगितलंय. कोनता पोरगा आयेला खोटंच सांगल, का तुजा नवरा मी मारला?"

पंखा फिरत राहिला. अधिकाऱ्याने दाराशी कुबडीवर उभ्या हरेशकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हे लिहिलं तर लायसन जाईल त्याचं. केससुद्धा होईल. तुमचा एकुलता एक मुलगा आहे, आजी. मी काय लिहिलंय ते तसंच राहू दे. सगळ्यांच्या सोयीचं आहे."

"आन् दिवाळीला दुसऱ्या कुनाचा बापूस मागं बसंल, त्याचं काय?"

धोंडूबाई मागे वळली. बाजारातून काही आणायचंय का विचारावं, तशा सुरात तिने विचारलं, "जाशील का रं आत?"

हरेश कुबडी टेकत टेबलाशी आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच समोरच्या माणसाला त्याचं खरं वाटत होतं.

"जाईन."

"मंग लिवा."

"अनुभवाच्या रकान्यात हजारच येणार," अधिकारी म्हणाला. "तिथे दुसरं काही लिहायला जागा नाही."

"तिथं हजारच लिहा," हरेश म्हणाला. "पण समदे सकाळचे, असं कुठंतरी लिहा, साहेब."

अधिकाऱ्याने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. धोंडूबाई टेबलावर वाकली. तिला वाचता येत नव्हतं, पण पेन चालतंय की नुसतंच धरलंय, एवढं तिला दिसत होतं. ते चालत होतं तोवर ती वाकूनच उभी राहिली.