थंड इंजिनाची टिकटिक

मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. ट्रकचा मालक एका बाजूला हाताची घडी घालून उभा होता. उन्हापावसात एकच टोपी घालून गाडी चालवायचा, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत. दुसऱ्या बाजूला मिस्त्रींची थोरली लेक होती. सहा वर्षांपूर्वी कंपनीतली नोकरी सोडून ती बापाच्या गॅरेजमध्ये उभी राहिली होती.

"टॅपेट," डोळे उघडत मिस्त्री म्हणाले. "झडपा उघडणारे खटके ढिले झालेत. दुसरं काही नाही."

कप्तानाच्या जिवात जीव आला. ट्रक सव्वीस वर्षांचा. नवाकोरा असताना त्यानेच आणलेला, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या हाती न दिलेला. परवा तो हौसेने एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेला, तर तिथल्या माणसाने बॉनेटही धड न उघडता सांगितलं, 'ही टिकटिक नाही काका, घरघर आहे. भंगारात काढा.' त्या दिवसापासून कप्तानाला जेवण गोड लागत नव्हतं.

"बाबा," थोरली हळूच म्हणाली, "आवाज जरा फुसका नाही वाटत? लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा नाहीये."

"तू दहाचा पान्हा दे."

तिने पान्हा दिला.

खरी गोष्ट अशी होती, की स्क्रूड्रायव्हरमधून मिस्त्रींना नुसतं घों-घों ऐकू आलं होतं. बारीक आवाज वर्षभरापासून त्यांच्या वाट्याला येईनासे झाले होते. आधी फोनची रिंग गेली, मग नातीची कुजबुज. घरात कुणाला त्यांनी कळू दिलं नव्हतं. ज्या माणसाच्या कानाची गावभर ख्याती, त्याने सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? शिवाय जुन्या इंजिनाची टिकटिक दहातल्या आठ वेळा टॅपेटचीच निघते. त्याला ऐकावं कशाला लागतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

टॅपेट थोडे ढिले निघालेही. त्यांनी एकेक नीट बसवला. मग इंजिन चालू केलं, ते हळूहळू तापलं आणि कप्तान आनंदाने ओरडला, "गेला आवाज! मिस्त्री, हात आहेत का जादू!" मिस्त्री हसले. थोरली हसली नाही. ती इंजिनाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजचं शटर अर्धं वर जातं न जातं तोच ट्रक दारात हजर. कप्तानाचं घर मागच्याच गल्लीत होतं.

"रात्रभर उभा होता, मिस्त्री. सकाळी स्टार्टर मारला, की पहिले पाढे पंचावन्न."

"बंद करू नका, काका," थोरली म्हणाली. "मला सांगा, गाडी तापली की आवाज जातो का?"

"हो, दोनेक किलोमीटर गेलं की जातो. थंडीत जास्त वेळ राहतो."

तिने बॉनेट उघडलं. मिस्त्री शेजारी येऊन वाकले. इंजिन थरथरत होतं, वास येत होता, सगळं ओळखीचं होतं. फक्त ती टिकटिक तेवढी नव्हती.

"बाबा, ऐकू येतंय ना?"

"येतंय की! बहिरा आहे का मी?"

कप्तान खो खो हसला. थोरलीने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मिस्त्रींनी नजर चुकवली आणि उगाच खिशातलं फडकं काढून हात पुसले. हात स्वच्छ होते.

तिने त्यांचं मनगट धरलं आणि तळवा अलगद इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात नेला, जिथे धूर बाहेर नेणारा जाड लोखंडी मॅनिफोल्ड इंजिनाला जोडलेला असतो.

"इथे धरा. चटका लागायच्या आत."

तळव्यावर काहीतरी आपटलं. फुक. मग क्षणभर काही नाही. पुन्हा फुक. झोपलेल्या माणसाच्या ओठांतून सुटावी तेवढीशीच झुळूक. मिस्त्री हललेच नाहीत. त्यांचे ओठ मोजत होते.

"शेवटचा सिलेंडर," ते म्हणाले. "बॅटरी मार."

थोरलीने टॉर्चचा प्रकाश पाडला. जोडाच्या कडेला काजळीचा काळा पंखा उमटला होता. तिथला स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड आवळून धरणारी लोखंडी काडी, तुटून आतच राहिला होता.

"थंड असताना फट उघडी राहते, तिथून धूर निसटतो आणि टिकटिक होते," थोरलीने कप्तानाला सांगितलं. "तापलं की लोखंड फुगतं, फट मिटते."

"आणि इंजिन?"

"इंजिनाला काय धाड भरलीय!" मिस्त्री म्हणाले.

इंजिन निवल्यावर मॅनिफोल्ड काढला. तुटलेला स्टड जेमतेम दोन आट्यांइतका बाहेर डोकावत होता. ओढाताण केली असती तर तो आणखी आत तुटला असता, आणि मग मात्र इंजिनाचा वरचा आख्खा भाग, हेडच उतरवावं लागलं असतं. थोरलीने त्यावर एक नट वेल्ड केला. टाका इतका सुबक, की मिस्त्रींना त्यावरून अंगठा फिरवावासा वाटला, पण त्यांनी तो मागे घेतला, कारण नट लाल होता. पुढचं काम त्यांचं. पान्हा लावून पाव आटा पुढे, पाव आटा मागे. तेल सोडायचं, थांबायचं. पुन्हा पाव आटा. घाम नाकाच्या शेंड्यावर आला तरी त्यांनी पुसला नाही.

"सुटतोय," ते पुटपुटले.

अर्ध्या तासाने स्टड आख्खाच्या आख्खा बाहेर आला, आटे शाबूत. थोरलीने तो उजेडात धरून फिरवून बघितला. "वर्कशॉपवाल्याला फ्रेम करून पाठवा, काका," ती म्हणाली.

नवा स्टड आणि जोडात फट राहू नये म्हणून नवं गॅसकेट बसलं. संध्याकाळी कप्तानाने इंजिन चालू केलं आणि टोपी काढून म्हणाला, "मिस्त्री, एकदा कान द्या. तुम्ही हो म्हणालात की मी निर्धास्त."

मिस्त्रींनी फडक्याची घडी घातली.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "बारीक आवाज वर्ष झालं गेलेत. काल मी अंदाजपंचे बोललो, तुझा दिवस फुकट घालवला. हिला विचार. हिने कालच बरोबर ओळखलं होतं."

कप्तान टोपी हातात धरूनच थोरलीकडे वळला.

"आत्ता नाही सांगता येणार," ती म्हणाली. "इंजिन तापलंय. गाडी इथेच ठेवा. सकाळी थंडगार असताना बघू."

सकाळी तिघं आले. थोरलीने स्टार्टर मारला, उतरली आणि बॉनेटखाली वाकली. मिस्त्री इंजिनाकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. बराच वेळ तिच्या कपाळाला आठी होती. मग ती हळूहळू सैल पडली. तरीही ती वाकलेलीच राहिली, दुसरीकडे सरकली, पुन्हा कान दिला.

कप्तानाला धीर निघेना. त्याने तोंड उघडलं.

"थांब," मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिचं ऐकून होऊ दे."