वचनांचा लिलाव

कुसुमबाई खरात बुधवारी कायमच्या जालन्याला जाणार, हे मला शुक्रवारी भाजीवाल्याकडे कळलं. त्यांचा मुलगा किरण पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये कामाला होता. मिल दिवाळीनंतर उघडलीच नाही. आता त्याला जालन्यात सळयांच्या कारखान्यात काम मिळालं होतं आणि आईला इथे सुरतेत एकटीला ठेवायला तो तयार नव्हता. मी मेथी निवडत होतो. पैसे दिले आणि मेथी तिथेच विसरून घरी आलो.

चार वर्षं दर रविवारी उपासना संपली की कुसुमबाई आणि मी पांडेसऱ्याच्या गल्लीतून रिक्षांच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत येत असू. त्या मला शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, काहीतरी विचारत. जलप्रलयात मासे कसे वाचले, त्यांनी पाप केलं नव्हतं का? याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. दोघांचेही जोडीदार प्रभूकडे गेलेले. आपण यांच्याशी लग्न करावं असं मला बरेच दिवस वाटत होतं, आणि हे आपल्याला कधीच बोलता येणार नाही, याची खात्रीही तितकेच दिवस होती. जन्मभर मराठी शाळेत शिकवलं, पण वर्गात बोलणं सोपं असतं. तिथे कुणी ऐकत नाही.

त्या रविवारी कापणीचा सण होता. गावाकडे ख्रिस्ती मंडळी शेतातला पहिला माल देवळात आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करतात. आमचं देऊळ म्हणजे साड्या घडी करण्याच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल, आणि शेत कुणाकडेच नाही. तरी जो तो जमेल ते आणतो. तांदूळ, अंडी, तेलाची पिशवी, लेस लावलेला दुपट्टा. कुसुमबाईंनी गच्चीवरच्या टाकीवर वेल चढवून वाढवलेला लाल भोपळा आणला होता. तो जिन्यावरून वर आणायला किरणला दोनदा थांबावं लागलं.

पास्टर गजेंद्र तिशीतले, नंदुरबारकडचे. त्यांनी उभं राहून सांगितलं की यंदा बोली पैशांची नाही, वचनांची. शास्त्रातलं पाठ असलेलं वचन म्हणायचं, तेही प्रीतीवरचं. त्यावर दुसऱ्या कुणी वचन म्हटलं की वस्तू त्याची, आणि एका घराला एकच वस्तू. मिली बंद पडल्यापासून किती घरांत एकवेळचं शिजतं हे पास्टरांना ठाऊक होतं. मदत म्हणून हातात पिशवी ठेवली की माणसाची मान खाली जाते. बोली जिंकून नेली तर जात नाही.

पहिल्यांदा तांदूळ निघाले. लक्ष्मण, चार महिने घरी बसलेला, डोळे मिटून उभा राहिला आणि देवाने जगावर केवढी प्रीती केली ते वचन एका दमात म्हणून मोकळा झाला. ते आमच्या लहान पोरांनाही येतं. त्यावर बोली लावायला प्रमिलाबाई सहज उठल्या असत्या, कारण त्यांना निम्मं शास्त्र पाठ आहे आणि त्या कुणालाच शेवटचं बोलू देत नाहीत. पण त्या पंख्याकडे बघत बसल्या, जणू जन्मात कधी शास्त्र उघडलं नाही. लक्ष्मण पोतं खांद्यावर टाकून जागेवर आला तो हसतच. मग सगळ्यांनाच हसू फुटायला लागलं. अंड्यांसाठी एकाने शत्रूवर प्रीती करण्याचं वचन म्हटलं, तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं की मग माझ्या आईला कधी बोलावताय.

मग भोपळा टेबलावर आला आणि त्याच्यामागे कुसुमबाई उभ्या राहिल्या.

मी कधी उठलो मला कळलं नाही. प्रीती सहनशील असते ते वचन म्हणावं असा विचार होता. तोंडातून निघालं ते सून सासूला म्हणते ते, तू जाशील तिथे मी येईन. बघायचं पास्टरांकडे होतं. मी कुसुमबाईंकडे बघत होतो.

पास्टर हळूच म्हणाले, “एक वार.”

सुनेने सासूला म्हटलेलं वचन इथे कसं लागू पडेल? मी घाईने दुसरं म्हटलं, विहिरीवर भेटलेल्या मुलीसाठी सात वर्षं मेंढरं राखणाऱ्या माणसाचं, ज्याला ती वर्षं चार दिवसांसारखी वाटली.

प्रमिलाबाई म्हणाल्या, “मास्तर, तुमच्यावर कुणी बोली लावलेली नाही. तुम्ही स्वतःलाच पाडताय.”

“दोन वार,” पास्टर म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता, हसू दाबल्यामुळे.

पण त्या माणसाच्या पदरात आधी त्या मुलीची थोरली बहीण टाकली होती, हे मला आठवलं. हाही दाखला वाईट. मग मी तिसरं वचन म्हटलं, महापुरानेही प्रीती विझत नाही ते. महापूर सुरतेत सगळ्यांनी पाहिलेला आहे, त्यामुळे ते लोकांना पटलं. मागून कुणीतरी आमेन म्हणालं. प्रमिलाबाई शेजारणीला सांगत होत्या की मास्तरांनी जन्मभर पोरांना भोपळे दिले, आता एक घरी नेतील. त्या हे कुजबुजल्या, पण त्यांची कुजबूज खालच्या दुकानात ऐकू जाते.

पास्टरांनी तिसऱ्यांदा हात वर केला तेवढ्यात कुसुमबाई म्हणाल्या, “थांबा. माझी बोली आहे.”

आपल्याच वस्तूवर बोली लावता येत नाही, असं पास्टर म्हणाले. नियमात तसं कुठे सांगितलं, असं कुसुमबाईंनी विचारलं. सांगितलं नव्हतं. तेव्हा त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “सगळं घडवून झाल्यावर देवाला एकच गोष्ट बरी वाटली नाही. माणूस एकटा होता, ती.”

पास्टर गोंधळले. वचन प्रीतीवरचं हवं होतं, आणि यात तो शब्दच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण शास्त्रातलं काही अडलं की मलाच विचारतात. सगळा हॉल माझ्याकडे वळला. कुसुमबाई तेवढ्या भोपळ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

“हेही प्रीतीवरचंच आहे,” मी म्हणालो. “सगळ्यात पहिलं.”

“मग हरलात तुम्ही,” कुसुमबाई म्हणाल्या. “आता शास्त्र पुरे. सरळ विचारा.”

मी विचारलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं की ऐकू आलं नाही. म्हणून मला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने विचारावं लागलं, “माझ्याशी लग्न कराल का?” आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

“करीन,” त्या म्हणाल्या.

लक्ष्मण ढोलकी घेऊन बसला आणि कुठलं गीत हे न ठरवताच त्याने ठेका धरला. पास्टर गजेंद्र अहिराणीत काहीतरी म्हणाले, जे चांगलंच असावं, आणि मग त्यांना नियम आठवला. लग्न तीन रविवार मंडळीपुढे जाहीर करावं लागतं, कुणाची हरकत आहे का ते विचारत. आणि कुसुमबाईंची गाडी बुधवारची.

किरण एका कोपऱ्यात उभा होता. तो काय म्हणेल, याची मला आता भीती वाटली. तो फक्त डोकं खाजवत होता. कुसुमबाईंनी त्याला हाक मारली.

“किरण, बुधवारी तू पुढे हो. आम्ही मागून येतो. आणि खोली जरा मोठी बघ, मास्तरांची पुस्तकं फार आहेत.”

फार नाहीत, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण देवळात उभा होतो, म्हणून गप्प बसलो.