राहिल बाकावर बसेल

"सरनोबत, लडकों पे चिल्लाना एक बात है, प्रोफेशनल टीम संभालना दूसरी," प्राचार्य खुर्चीत मागे रेलून म्हणाले. "मुलं हजेरीच्या भीतीनं तुमचं ऐकतात. वहाँ कौन सुनेगा?"

धनंजय सरनोबतच्या कानशिलाची शीर ताडताड उडायला लागली. तो आला होता साधं ना-हरकत पत्र मागायला. दुबईतल्या या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात तो सोळा वर्षं फुटबॉल शिकवत होता. चार वेळा त्यानं आंतरकॉलेज चषक आणला होता. आता सेकंड डिव्हिजनमधल्या एका व्यावसायिक क्लबनं त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं. शनिवारच्या सामन्यात संघ सांभाळून दाखवायचा, मग सह्या. आणि ज्याला ऑफसाइड म्हणजे काय हे अजून कळलं नव्हतं, तो माणूस त्याला त्याची पायरी दाखवत होता!

"एक कोरा कागद द्या," धनंजय म्हणाला.

उभ्याउभ्याच त्यानं तीन ओळी खरडल्या. ना-हरकतीचा अर्ज नव्हता तो. राजीनामा होता.

संध्याकाळी अल मनखूलच्या घरात त्याची बायको रंजिता कणीक मळत होती. त्याचं ऐकून तिनं हातातला गोळा परातीत आपटला.

"राजीनामा देऊन आलासा, आणि आता मला सांगताय?"

"त्यानं अपमान केला माझा."

"व्हिसा कॉलेजचा आहे. माझा आणि पोरीचा त्यावरच आहे. तिची बारावी आहे. एवढं तरी आठवायचं की हो!"

"शनिवारनंतर क्लबचा व्हिसा मिळतोय."

आतल्या खोलीतून शुभ्रा, त्याची मुलगी, ओरडली, "बाबा, दे विल सॅक यू आफ्टर थ्री मॅचेस!"

"तू गप अभ्यास कर!" तो एवढ्या जोरात ओरडला, की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"हेच," रंजिता शांतपणे म्हणाली. "सोळा वर्षं तुम्ही पोरांवर ओरडलासा. ती ऐकत होती, कारण त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. आम्हालापण नाही."

तो आणखी चिडला. कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून तो दहा वर्षं खेळला होता. तिथं हरून आलं की गल्लीतनं घरी जायची चोरी. त्याचे वस्ताद शिव्या घालूनच खेळ शिकवायचे आणि पोरं त्यांच्या पाया पडायची. राग आला म्हणजे आपलं बरोबर आहे, अशी धनंजयची तेव्हापासूनची समजूत होती.

क्लबचा मॅनेजर इद्रीस मूळचा म्हसळ्याचा होता, पण जन्मला आणि वाढला शारजात. गुरुवारच्या सरावाला त्यानं धनंजयला मैदानाच्या कडेला घेतलं.

"सर, एकच सांगतो. राहिल पारकर शनिवारी पाहिजे. मालकांचा शब्द आहे. गुडघ्याला सूज आहे, पण इंजेक्शन मारू, नव्वद मिनिटं निघतील. खलास."

राहिल धनंजयचाच विद्यार्थी. सहा वर्षांपूर्वी कॉलेजातून बाहेर पडला तो थेट या क्लबात आला होता. समोर तो हळूहळू धावत होता, आणि वळताना डावा पाय जमिनीवर टेकवायला घाबरत होता.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"डॉक्टर म्हणतो दोन महिने. डॉक्टरला काय, त्याला कप जिंकायचाय?"

"तू माणूस आहेस का खाटीक?" धनंजयचा आवाज अख्ख्या मैदानावर गेला. "पोराचा पाय आहे तो! आयुष्यभर लंगडत फिरला तर तू सांभाळणार आहेस?"

खेळाडू थांबून बघायला लागले. इद्रीस खांदे उडवून निघून गेला. धनंजय राहिलजवळ आला.

"काळजी करू नकोस. मी असताना तुला कोण खेळवतंय बघू."

"पण मला खेळायचंय, सर."

"काय?"

"मे महिन्यात माझा करार संपतोय. बाकावर बसलो तर पुढचा करार नाही."

"अरे, गुडघा जाईल तुझा!"

राहिलनं त्याच्याकडे सरळ बघितलं. "कॉलेजच्या फायनलला माझा घोटा सुजला होता, सर. तुम्ही म्हणालात, पट्टी बांध आणि उभा राहा, रडायचं असेल तर घरी जाऊन रड. मी दोन गोल मारले. कप प्राचार्यांच्या केबिनमध्ये आहे. तो घोटा अजून थंडीत दुखतो." आवाज न चढवता तो पुढं म्हणाला, "इद्रीसभाईंनी निदान इंजेक्शनचं तरी विचारलं."

धनंजयच्या ओठांवर शिवी आली, पण ती कुणाला द्यायची ते कळेना. इतका राग त्याला आयुष्यात आला नव्हता, आणि पहिल्यांदाच त्याच्यासमोर शत्रू कुणी नव्हता. तो प्रेक्षकांच्या रिकाम्या पायऱ्यांवर जाऊन बसला. सराव संपेपर्यंत कुणावरही ओरडला नाही.

शनिवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर सामना होता. संघाची यादी द्यायला तो इद्रीसकडे गेला. अकरा नावांत राहिल नव्हता.

"सर, ही यादी मालकांना दाखवू?"

"दाखव."

"मग तुमचं नेमणुकीचं पत्र फाडावं लागेल मला."

"फाड," धनंजय म्हणाला. हे तो इतक्या हळू म्हणाला, की इद्रीसला पुन्हा विचारावं लागलं.

"राहिल बाकावर बसेल," तो म्हणाला. "आणि मी त्याच्याशेजारी."

संघ बरा खेळला. चौतीस वर्षांच्या एका बचावपटूला त्यानं मध्यंतरात दोन पावलं आत उभं राहायला सांगितलं, नीट, खडूनं फळ्यावर काढून. त्यानं मान हलवली आणि तसंच केलं. कोण ऐकणार, म्हणाले होते प्राचार्य. इथं सगळे ऐकत होते. तरीही ऐंशीव्या मिनिटाला समोरच्यांनी कॉर्नर किकवरून गोल केला, आणि तेवढाच निर्णायक ठरला. मालक शेवटची शिट्टी व्हायच्या आत उठून गेले.

सामना संपला तसा कॉलेजातल्या नोमानचा मेसेज आला. नोमान त्याचा सहायक. प्राचार्यांनी राजीनामा मंजूर केला होता आणि जागा नोमानला दिली होती. 'सॉरी सर, मी नाही म्हणू शकलो नाही.' धनंजयनं 'अभिनंदन' लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. मग रंजिताला फोन केला.

"हरलो. दोन्हीकडची नोकरी गेली."

"ओरडलासा?" तिनं विचारलं.

"नाही."

"घरी या," ती म्हणाली. तिच्या आवाजातला राग तसाच होता.

ड्रेसिंग रूममध्ये खेळाडू एकेक करून निघून गेले. शेवटी राहिल तेवढा राहिला. नव्वद मिनिटं त्यानं धनंजयकडे बघितलं नव्हतं.

"खूश आहात ना, सर?" तो म्हणाला. "इद्रीसभाईंनी सांगितलं, मे महिन्यानंतर करार नाही. तुमचा मोठेपणा झाला, माझं काय?"

धनंजयनं माफी मागावी तर कशाकशाची मागावी?

राहिल बूट काढायला वाकला, पण गुडघा दुमडेना. त्यानं दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा दात-ओठ खात भिंतीला धरून थांबला.

धनंजय ओल्या फरशीवर मांडी घालून बसला. त्यानं राहिलची टाच अलगद स्वतःच्या मांडीवर घेतली आणि बुटाच्या नाडीची गाठ सोडायला लागला. गाठ घट्ट बसली होती. राहिल दुसरीकडे बघत होता, पण त्यानं पाय मागे घेतला नाही.