चौदा झटके आणि शिकेकाई

मी मेंदूच्या लहरी कागदावर काढणारी एक जुनी मशीन आहे. माझं खरं नाव ईईजी; जालन्यात मात्र सगळे मला 'डोक्याची मशीन' म्हणत. सध्या माझा मुक्काम दवाखान्याच्या कोठीत, एका मोडक्या स्ट्रेचरशेजारी. स्ट्रेचर फारसं बोलत नाही.

मित्रांनो, १९८४ साली मी इथे आले तेव्हा माझ्यासमोर नारळ फुटला होता. रोग्याच्या डोक्याला टिकलीएवढ्या वाट्या चिकटवायच्या, त्यांच्या तारा मला जोडायच्या, की माझ्या आठ लेखण्या सरसर ओळी काढत. जाफराबादेहून, घनसावंगीहून लोक एसटीने येत. ज्यांना फिटचा झटका आला की गावाने वर्षानुवर्षे चप्पल हुंगवली, त्यांना माझ्या कागदामुळे गोळ्या मिळाल्या. श्रेय मात्र चपलेने सोडलं नाही.

मला चालवायच्या उषाबाई. कागद सरकत असे आणि त्या रोग्याकडे बघत बसत. त्याने आवंढा गिळला की माझ्या ओळीवर पेन्सिलीने 'गिळलं', पाय हलवला की 'पाय'. कारण लेखणीला मेंदू कोणता आणि पाय कोणता, ते कळत नाही. हे मी कधी लपवलं नाही.

१९९८ साली कॉम्प्युटर आला. तो म्हणे झटका आपणहून ओळखतो आणि घंटा वाजवतो. त्याच्यासाठीही नारळ फुटला. माझ्यावर जुनी चादर टाकून मला कोपऱ्यात सरकवलं आणि उषाबाईंना केसपेपरच्या खिडकीत बसवलं. चादरीला एक भोक होतं. पुढचं सगळं मी त्यातून पाहिलं.

त्या वर्षी धावड्याहून गोजरबाई आपल्या लेकीला, बेबीनंदाला घेऊन आल्या. पोरगी डी.एड.ला लागली होती. नवरात्राच्या उपासात, उन्हात प्रार्थनेला उभी असताना पडली. वसतिगृहाने सांगितलं, फिट येत नसल्याचा कागद आणा, नाहीतर खोली रिकामी करा. खोली गेली की शिक्षणही गेलंच.

संपत ऑपरेटरने तारा जोडल्या आणि तो पडद्याकडे बघत बसला. बेबीनंदा घाबरून पाय हलवत होती. घंटा वाजली. परत वाजली.

"चौदा," संपत म्हणाला. "वीस मिनिटांत चौदा झटके."

"चौदा?" गोजरबाई म्हणाल्या. "अन् पोरगी मधीच चहा मागून राह्यली ती?"

"कॉम्प्युटर चुकत न्हाई, मावशी. बराबर मोजतो."

घंटा ऐकून उषाबाई खिडकी सोडून आल्या. त्यांनी पोरीच्या केसांना बोट लावलं.

"गोजरबाई, तेल किती चोपडलंय हे!"

"मोठ्या डाक्टरकडं यायचं म्हून लावलं, बाई. रुख्या डोक्यानं कसं आणावं?"

"वाट्या घसरून राह्यल्या, संपत. ही पाय हलवती, तुझी घंटा वाजती. तू पोरीकडं पाह्यलं का एकदा तरी?"

"मला पडदा पाहायला ठेवलंय," संपत म्हणाला. ते खरंच होतं.

उषाबाईंनी आवारातल्या नळाखाली बेबीनंदाचं डोकं शिकेकाईने दोनदा धुतलं. डॉक्टरांना विचारून माझ्यावरची चादर काढली. लेखण्या वाळल्या होत्या. त्यांनी कोमट पाण्यात धुऊन त्या चालत्या केल्या. मित्रांनो, मी इतकी भ्याले होते की पहिली ओळ माझीच थरथरली. मग पोरीला डोळा लागला आणि सगळ्या ओळी शांत झाल्या. उषाबाईंनी पेन्सिलीने लिहिलं, 'झोपली'.

डॉक्टरांनी कागद हातभर उलगडून पाहिला. नुसत्या स्वच्छ कागदावर भागत नाही म्हणून पडण्याआधी काय झालं, शुद्ध कशी आली, तेही विचारलं. मग दाखला लिहिला : उपासाची भोवळ, फिट नव्हे.

जाताना गोजरबाई कॉम्प्युटरच्या पाया पडल्या. त्यांना वाटलं, मशीन तीच.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली : 'डोक्याला तेल लावून येऊ नये'. मला कोठीत हलवलं. दोन वर्षांनी उषाबाई निवृत्त झाल्या. त्या दिवशी त्या कोठीत आल्या, माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि गेल्या.

मित्रांनो, तुमच्या यंत्रांवर माझा राग नाही. ती माझ्याहून हुशार आहेत. फक्त ज्याला तारा जोडल्या आहेत, त्याच्याकडेही कुणीतरी बघत बसा. उषाबाईंची पेन्सिल अजून माझ्या मुठीला दोऱ्याने बांधलेली आहे. इकडे आलात, तर तेवढं तिला टोक काढून ठेवा.