एकादशीची मीटिंग

"त्याला आवाज लावायचा न्हाई, सत्यशीलाताई. नूरमहंमद राहात्याचा हाय, त्याला राहात्याचाच राहू द्या."

राधाकृष्ण सरांना जाऊन वर्ष होत आलं, तरी रेकॉर्डिंगला बसलं की सत्यशीलाच्या कानात आधी हे वाक्य येई आणि मग ती हेडफोन चढवी. सर एरवी शुद्ध बोलत, पण नूरमहंमदचा विषय निघाला की त्यांची जीभ आपसूक गावाकडे वळायची. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात ते केमिस्ट होते. दिवसभर उसाचा रस तपासायचा आणि घरी येऊन अवकाशातल्या गोष्टी लिहायच्या, असा त्यांचा जन्म गेला. त्यांची 'दूरवस्ती' ही मालिका म्हणजे गोदा-प्रवरेकाठची माणसं एका लांबच्या चंद्रावर राहायला जातात, काचेच्या घुमटाखाली ऊस लावतात, पाण्याच्या पाळीवरून तिथेही भांडतात आणि तिथेच म्हातारी होतात, त्याची गोष्ट. तिचे तेरा भाग निघाले आणि तेराच्या तेरा सत्यशीलाने वाचले. नगरच्या आपल्या घरात, देवघराला लागून असलेल्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून आणि फ्रीजची पिन काढून.

गोष्टीतली कप्तान ज्ञानेश्वरी देवळाली प्रवऱ्याची आणि यानाचा मिस्त्री नूरमहंमद राहात्याचा. पुण्याच्या ऑडिओबुक कंपनीने सुरुवातीलाच सुचवून पाहिलं होतं, की कप्तानबाई शुद्ध बोलल्या तर बरं, गावरान बोलायला यानात स्वयंपाकी आहेच. सर फोनवर हसले होते. "यानातली सगळी एकाच पाटाचं पाणी प्यालेली. एकट्या स्वयंपाक्याची जीभ कशी वेगळी निघेल?" कंपनी गप्प बसली. तेव्हा कंपनी लहान होती आणि सरांशिवाय तिच्याकडे फारसं काही नव्हतं.

आणि नूरमहंमद हा माणूस खराच होता. राहात्यात बाजारतळामागे त्याचं लेथचं दुकान. पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी सर सत्यशीलाला तिथे घेऊन गेले, त्याचं बोलणं तिच्या कानावर पडावं म्हणून. मिस्त्री पंपाचा दांडा मशिनवर चढवून बसलेला. त्याने मान वर केली नाही.

"ह्या बाई माझं बोलनार? मग सांगून ठिवा त्यांना, मी शिव्या लई देतो."

"पुस्तकात काढून टाकल्यात मी," सर म्हणाले.

"मग अर्धा तर मी तितंच संपलो."

सत्यशीला पदर तोंडाला लावून हसली. निघताना मात्र मिस्त्रीने मशिन बंद केली आणि हात पुसत तो दारापर्यंत आला.

"ताई, एक करा. शिनेमात आमचा मानूस आला की त्याच्या तोंडात पान कोंबत्यात आन् 'अरे भाई' करायला लावत्यात. घरात आमी आमचं बोलतो, ते आमच्या चुलीपाशी. पन दुकानात मी ह्या सरांसारखाच बोलतो. तेवढं सांभाळा."

"सांभाळीन, चाचा," ती म्हणाली. "शेवटच्या भागापर्यंत."

शब्द दिला तो असा सहज, उंबऱ्यात उभ्या उभ्या. पण देवापुढे बोललेला नवस आणि माणसापुढे दिलेला शब्द यांत फरक करणाऱ्यांतली ती नव्हती. निदान तिची स्वतःबद्दल तशी समजूत होती.

पुढे काचबिंदूने चाचाची नजर गेली. दुकान मुलाकडे गेलं आणि चाचाकडे 'दूरवस्ती' राहिली. संध्याकाळी सून अल्मास मोबाईल लावून द्यायची. शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसंही येऊन टेकायची. चंद्रावरचा नूरमहंमद इंजिनापाशी उभा राहून म्हणायचा, "हात लावू नका, कप्तान. ते आजून माझाच हात वळखतंय," आणि टपरीवाले म्हणायचे, "चाचा, तिकडंबी कुनाला हात लावू देत न्हाई का?"

सत्यशीलाचे स्वतःचे नेम वेगळे. पहाटे तुळशीला पाणी, मग पोथीचा एक अध्याय, गुरुवारी एकवेळ जेवण आणि दोन्ही एकादश्यांना काष्ठमौन. सूर्य उगवल्यापासून सांजवात लागेपर्यंत बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, लिहून सांगायचं नाही. लाकडासारखं राहायचं. हे व्रत सासूबाईंनी तिच्या ओटीत घातलेलं. सासूबाई गेल्या तीही एकादशीच होती, आणि त्या दिवशी घरात सगळे हंबरडा फोडत असताना ती सून आवाज न करता रडली होती. नात्यागोत्यात ती गोष्ट अजून सांगतात. एमआयडीसीतून निवृत्त झालेला तिचा नवरा गोरक्ष एवढंच म्हणे, "बाकीच्या बायकांना उपास लागतो, हिला शांतता लागते. चालू द्या, फायदा माझाच आहे."

एकादशीला रेकॉर्डिंग होत नाही म्हणून त्या तारखा ती दर महिन्याला कंपनीतल्या पार्थला कळवायची. पार्थ तिचं काम बघणारा, तरुण, नम्र, प्रत्येक वाक्यात मॅडम म्हणणारा.

चौदावा भाग शेवटचा. सरांनी तो आजारपणात पुरा केला. सत्यशीलाने तो वाचून पाठवला आणि देवापुढे साखर ठेवली. त्यानंतरच्या एकादशीला, ऊन अंगणात आल्यावर, पार्थचा निरोप आला. आज अकराला छोटी ऑनलाईन मीटिंग, नूरमहंमदच्या आवाजाबद्दल जरा बोलायचंय.

ऐकायला तर बंदी नाही, असं तिने मनाशी म्हटलं. आत्ता ऐकून घेऊ, दिवा लागला की सांगू. अकराला ती मोबाईल समोर उभा करून बसली.

"मॅडम आल्या, छान," पार्थ म्हणाला. पडद्यावर आणखी दोघं-तिघं होती. "मॅडम, काम नेहमीसारखंच उत्तम. फक्त एक. आता श्रोते खूप वाढलेत. नूरमहंमद बोलतो तेव्हा तो नूरमहंमद आहे हे त्यांना कळतच नाही. गोरखनाथ नाहीतर दगडू कुणीही वाटतो."

"फील येत नाही," दुसरं कोणी म्हणालं.

"तर तेवढ्या ओळी मुंबईच्या एका नटाकडून घ्यायच्या असं चाललंय. बाकी सगळं मॅडमचंच राहील. हा नमुना ऐका."

मोबाईलमधून एक जाडा, पान चघळणारा आवाज आला. "अरे कप्तानसाब, हात नको लगाव. ये इंजन अपुन को पहचानता है."

"सरांच्या मुलाशी बोललोय," पार्थ सांगत होता. "ते म्हणाले, बाबांना काय हवं होतं ते सत्यशीलाकाकूंना माहीत, त्यांना चालत असेल तर माझी ना नाही. म्हणजे सगळं तुमच्यावर आहे, मॅडम. चालेल ना तुम्हाला?"

दारात गोरक्ष उभा होता, हातात भगरीची ताटली. त्याने सगळं ऐकलं होतं. तो दबक्या आवाजात म्हणाला, "बोल की. एका शब्दाचं काम आहे. नाही म्हण."

तिने देवघराकडे पाहिलं. समई स्थिर जळत होती. सासूबाईंच्या अंथरुणाशी जे मौन मोडलं नाही, ते आज एका गोष्टीतल्या मिस्त्रीसाठी मोडायचं? विचार आला तसा तिला तो आवडला नाही, पण तो येऊन गेला होता. संध्याकाळ काही लांब नव्हती. दिवा लागला की पहिला फोन करायचा. तिने ओठ मिटलेलेच ठेवले.

"मॅडम? आवाज येतोय ना?" पार्थ थोडा थांबला. "मॅडमचा स्वभाव शांतच आहे. हरकत असती तर बोलल्या असत्या. हो धरतो, मॅडम. थँक यू."

पडदा काळा झाला. गोरक्षने ताटली तिच्यापुढे ठेवली आणि तो बाहेर गेला.

सांजवात लावल्यावर तिने हात जोडले आणि लगेच फोन लावला.

"पार्थ, मला ते मंजूर नाही."

"पण मॅडम, तुम्ही होता की मीटिंगला. सगळ्यांसमोर विचारलं मी."

"आज एकादशी होती. तारखा पाठवते मी तुला."

"अरे हो. माझ्या डोक्यातून गेलं, मॅडम. खरंच." ते खरं होतं की नाही, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही नाही. "पण आता दुपारीच त्या नटाच्या ओळी जोडून झाल्या. सरांच्या मुलाने संमतीची सही पाठवली. आणि रागावू नका मॅडम, एवढं महत्त्वाचं होतं तर तुम्ही एक शब्द बोलला असता ना?"

तो हे कुजकटपणे बोलला नव्हता. तिने सरांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काकू, तुम्ही हो म्हणालात असं त्यांनी कळवलं. आता मागे कसं घ्यायचं?" मग तिने पार्थला पुन्हा फोन करून निदान आपलं नाव काढायला सांगितलं. ते करारात बसत नव्हतं.

चौदावा भाग आला तो तिच्याच नावाने आला. लोकांनी कौतुक केलं. एकाने तर लिहिलं, नूरमहंमदमध्ये या वेळी जान आलीय.

चार-पाच दिवसांनी अल्मासचा फोन आला. "ताई, अब्बा बोलतायत," एवढंच म्हणून तिने फोन पुढे दिला.

"ताई, तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे, चाचा."

"मला वाटलं आजारी पडलात, म्हनून दुसरा गडी आनला."

खोटं बोलायचं नाही, हाही तिचा एक नेम होता. "नाही, चाचा. मला विचारलं होतं. एकादशी होती. मी बोलले नाही."

"आसं व्हय," चाचा म्हणाला. मग म्हणाला, "टपरीवर लई हसले. काकासाहेब म्हनला, चाचा चंद्रावर जाऊन मुंबईकर झाला का काय. चांगला मानूस हाय त्यो. त्याच्या बापापासून त्यांचा पंप माझ्याकडं येतोय. पन आत्तापत्तुर आमी एकमेकांना बगून हसायचो, परवा त्यो माझ्या टोपीकडं बगून हसला. मला दिसत न्हाई, पन ते कळतंय."

"चाचा..."

"न्हाई, तुमचं काय न्हाई. मी म्हनतो ते बोलनं हाय तरी कुटलं? आमच्या चुलीपाशी आसं कुनी बोलत न्हाई, दुकानात न्हाई, मशिदीत न्हाई. मी अल्मासला म्हनलं बंद कर. म्हंजे आता त्या नूरमहंमदचं पुढं काय हुतं ते राहिलंच. सरबी न्हाईत सांगायला."

"मी येऊन वाचून दाखवीन. पुस्तक छापून आलं की घेऊन येते."

"या की." मग सरळ, साध्या आवाजात तो म्हणाला, "पन एकादशीला नका येऊ. तुमचं मौन असतंय."

त्याने टोमणा मारला असता तर तिला सोसला असता.

छापील पुस्तक सरांच्या मुलाने कुरिअरने पाठवलं, ते नेमकं दशमीला पोचलं. रात्रभर ते देवघरासमोरच्या पाटावर होतं. पहाटे तिने तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला, अध्याय मनात वाचला. गोरक्षने सवयीने टीव्हीचा आवाज घालवला आणि स्वतःचा चहा स्वतः टाकला. आज घरात कोणी बोलणार नव्हतं.

ती देवापुढे उभी राहिली. काही सांगायचं म्हणून उभी राहिली, पण सांगण्यासारखं सापडेना. देवही काही बोलला नाही. त्याचं मौन तर बारमाही. आजवर तिला त्यात आधार वाटत आला होता, आज वाटला नाही. तिने पाटावरचं पुस्तक उचललं, पिशवीत घातलं, वर राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा ठेवला. ऊन अंगणात आलं होतं.

"मी राहात्याला जाऊन येते," ती म्हणाली.

गोरक्षची बशी ओठांशी थांबली. "एकादशी आहे आज."

"माहीत आहे."

"उद्या गेलीस तर नाही का चालणार?" त्याने बशी खाली ठेवली. "त्याने ते पुण्याचं काही बदलणार नाही, सत्यशीला. ते आता हजारोंच्या कानात गेलं."

"नाही बदलणार."

"आणि चाचाने तोंडावर दार लावलं तर?"

"तर बाहेर बसून वाचीन. त्यांचे कान चांगले आहेत."

गोरक्षला हसावं की काय करावं ते कळेना. तो उठला आणि त्याने तिची छत्री आणून दिली, उन्हासाठी. "तारकपूर स्टँडवरून कोपरगावची गाडी धर," तो म्हणाला. "शिर्डीच्या गाडीला गर्दी असते."

तिने मान हलवली, चपला घातल्या आणि ती जिना उतरू लागली. शेजारच्या छबूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. एकादशीला त्या तिच्याकडून बोलण्याची अपेक्षा ठेवत नसत, नुसत्या हसल्या. मग त्यांचा हात सुपात थांबला, कारण खाली उतरता उतरता सत्यशीला हलक्या आवाजात काहीतरी घोळवत चालली होती, घशात बसतंय की नाही ते पाहत, एकदा, पुन्हा एकदा.

"हात लावू नका, कप्तान. ते आजून माझाच हात वळखतंय."